मॉनिटर घेताय? आधी डोळ्यांना विचारा!

लॅमिंग्टन रोडवर तीन दुकानं पालथी घातली आणि कळलं, सर्वगुणसंपन्न मॉनिटर नावाचा प्राणीच नसतो! व्हीए पॅनेलचा कॉन्ट्रास्ट साधारण 3000:1, काळा रंग कसा मस्त गडद; पण बाजूने बघितलं की रंग फिके. आयपीएस कुठूनही सारखा दिसतो, पण कॉन्ट्रास्ट बहुतेकदा 1000:1च्या आसपास, अंधारात काळ्याचा राखाडी होतो. ओएलईडी म्हणजे स्वप्नच. पण दिवसभर तोच टास्कबार दिसत राहिला, तर डाग कायमचा बसण्याची भीती. माझे आठ तास एक्सेलमध्ये जातात, सिनेमा फक्त रविवारी. म्हणून 27 इंची, 2560 बाय 1440चा आयपीएस घेतला. याच आकारात फुल एचडीला इंचाला 82 पिक्सेल, इथे 109. आकडे वाचायला डोळे बारीक करावे लागत नाहीत. त्यापुढे रविवारचा राखाडी अंधार मंजूर आहे, बॉस!