पाचवं कणीस

आमच्या सिल्लोड तालुक्यात मका निसवला की पारावर एकच विषय निघतो, "यंदा एकरी किती पडंल?" जो तो बांधावरून नजर टाकतो आणि आकडा फेकतो. मीही त्यातलाच.

2020 च्या खरिपात माझा दोन एकर मका होता. लष्करी अळीनं पोंगे कुरतडले होते, तरी बांधावरून रान भरलेलं दिसायचं. कडेची चार कणसं सोलून पाहिली. मनगटाएवढी, टोकापर्यंत दाणा. उभ्याउभ्याच हिशेब केला, एकरी अठ्ठावीस क्विंटल. घरी येऊन बायकोला म्हटलं, "दिवाळीला तुझी पोत सोडवतो." बी-खतापायी तिची पोत सोनाराकडं गहाण होती.

मळणी झाली. दोन एकरांत मिळून सदतीस क्विंटल भरला. बांधालगतच्या ताटाला ऊन-वारा मोकळा मिळतो, तिथलं कणीस फुगतंच. आतली ताटं कितीतरी वांझ होती. मी आत शिरलोच नव्हतो. उधारी फिटली, पोत राहिली. पाडव्याला तिनं काळ्या दोऱ्यात चार मणी ओवून मला ओवाळलं. बोलली एवढंच, "तुम्ही मका नाही मोजला, आपली नड मोजली."

तेव्हापासून दोरी घेऊन रानात शिरतो. माझ्या दोन ओळींत दोन फुटांचं अंतर असतं. अशा एका ओळीचा पावणेबावीस फुटांचा तुकडा म्हणजे एकराचा हजारावा भाग. तेवढ्यातली भरलेली कणसं मोजायची. मग दर पाचवं कणीस सोलायचं. बारीक निघो की मोठं, बदलायचं नाही. दाण्यांच्या ओळी कायम जोडीनं येतात, बारा, चौदा, सोळा. एका ओळीतले दाणे मोजायचे, टोकाचे पोचट सोडायचे.

समजा, चोवीस कणसं, चौदा ओळी, ओळीत तीस दाणे. म्हणजे कणसाला 420 दाणे. वाळलेले हजार दाणे साधारण पाव किलो धरले, तर एका कणसाचा दाणा 105 ग्रॅम. चोवीस कणसांचा अडीच किलो. त्याची हजारपट म्हणजे एकरी पंचवीस क्विंटल. असं रानात पाच ठिकाणी करायचं आणि सरासरी काढायची. त्यातून डुकरं, पाखरं, मळणीतली सांड यांचे दोन-तीन क्विंटल आधीच वजा करायचे. दाणा अळीनं बारीक राहिला असंल तर आणखी कमी.

पोत पुढच्या साली सुटली. आता दोरीचं दुसरं टोक पोरगा धरतो. परवा मोजताना त्याचा हात हळूच शेजारच्या जाड कणसाकडं गेला.

"बाबा, हे घेऊ का? लई भरलंय."

"पाचवं कोणतं आलं?"

त्यानं मुकाट्यानं शेजारचं बारकं कणीस सोललं आणि दाणे मोजायला बसला.