कॉलरमागचं लेबल

रमजान ईदच्या आधी हिंगोलीच्या बाजारातून धाकट्यासाठी शर्ट आणला. साडेतीनशे रुपयांत मिळाला म्हणून मी खूश. कनेरगाव नाक्याला घरी पोचलो तर ओट्यावर भाईजान बसलेले. भाईजान म्हणजे माझ्या खालाचे थोरले चिरंजीव. बावीस वर्षं भिवंडीत यंत्रमाग चालवून आता कायमचे गावी परतलेत. त्यांनी कापड बोटांत चोळून पाहिलं, मग कॉलर उलटी केली. लेबलवर होतं, 'मेड इन बांगलादेश'.

"मास्टर, मेरी रोटी येच लेबल ने खाई," एवढंच म्हणाले.

बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी. आधी मागणी घटली, मग पाळ्या घटल्या. शेवटी शेठनं माग किलोच्या भावानं भंगारात दिले. भाईजाननी ते स्वतः ट्रकमध्ये चढवू लागले.

वर्गात मी मुलांना कारणं लिहायला लावतो, म्हणून इथंही लिहितो. २०११ साली भारतानं बांगलादेशच्या बहुतेक तयार कपड्यांवरचं आयात शुल्क काढलं. तिथं मजुरी आपल्याहून कमी. बरंचसं कापड चीनहून येतं, तिथं शिवलं जातं आणि आपल्या दुकानांत विकलं जातं. अशा शर्टात भिवंडीचं कापड येणार कुठून? पण सगळं खापर तिकडं फोडता येत नाही. महाग वीज, २०१६ची नोटबंदी आणि २०१७चा जीएसटी यांनीही मागवाल्यांचं कंबरडं मोडलं.

भाईजानचं आणखी एक दुखणं आहे. दाढी-टोपी पाहून तिकडं त्यांना कुणी कुणी 'बांगलादेशी' म्हणून हिणवायचं. काम बांगलादेशला गेलं, शिवी मात्र यांच्या वाट्याला आली.

मी चिडून म्हणालो, "यापुढं तिकडचा माल घरात आणायचा नाही."

भाईजान हळूच म्हणाले, "सिलने वाले गरीबां का क्या कसूर?"

मला राणा प्लाझा आठवला. २४ एप्रिल २०१३ला ढाक्याजवळची ती इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना भेगा दिसल्या होत्या, तरी कामगारांना आत बोलावलं. माझ्या साडेतीनशे रुपयांच्या आनंदात त्यांचाही हिस्सा होता आणि भाईजानचाही.

ईदला धाकट्यानं तोच शर्ट घातला. नमाजनंतर भाईजाननी त्याच्या खिशात पन्नासची नोट ठेवली आणि वर आलेलं लेबल आत सारून कॉलर नीट बसवली.