बॅटरीचा हिशेब

दुधाचा हिशेब कॅलेंडरवर, इस्त्रीचा वहीत आणि गॅसची टाकी लावल्याची तारीख भिंतीवर पेन्सिलीने, ही आपली बायकांची जुनी पद्धत. लॅपटॉपच्या बॅटरीचाही असाच हिशेब ठेवता येतो, हे मात्र मला सूनबाईने शिकवले.

तिला गरजच तशी पडली. ती घरबसल्या हिशेबनिसाचे काम करते. आमच्याकडे दुपारची वीज जाते, आणि तिचा लॅपटॉप पाऊण तासात मान टाकू लागला. लग्नाआधी तो चिरंजीवांचा होता. झाले! "माझ्याकडे तीन तास चालायचा. हिला वापरता येत नाही." दुकानदारानेही भर घातली, "जुना झाला, आता नवाच घ्या." म्हणजे चाळीस-पन्नास हजारांचा खड्डा आणि वर पोरीच्या माथी हलगर्जीपणाचा शिक्का. नव्या सुनेला असा शिक्का किती वर्षे पुरतो, ते तुम्हाला का सांगायला हवे?

ती वाद घालत बसली नाही. विंडोजमध्ये 'सीएमडी' लिहून तिने एक काळी खिडकी उघडली. तिथे चित्रे नाहीत, बटणे नाहीत, नुसता लेखी कारभार! त्यात इंग्रजीत एक ओळ लिहायची: पॉवरसीएफजी, जागा सोडून तिरकी रेघ, तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट. लगेच अहवाल तयार होतो आणि तो कुठे ठेवला तेही तिथेच दिसते.

अहवालात दोन आकडे बघावेत. बॅटरी मुळात किती विजेची, आणि आता पूर्ण भरल्यावर किती मावते. आमचे निघाले ४१,००० आणि २२,९६० मिलिवॅट-तास. म्हणजे रुपयातले छप्पन्न पैसे! खाली तारीखवार यादी होती. उतार लागला होता तो लग्नाच्या दीड वर्ष आधीपासून, चिरंजीव रात्रंदिवस चार्जर लावून ठेवत तेव्हापासून. सूनबाई गप्पच होती. यादी मीच मोठ्याने वाचली, ह्यांच्यादेखत. चिरंजीव चहाचा कप घेऊन गॅलरीत गेले.

लिथियम-आयन बॅटरी वापराने थोडी झिजतेच. पण सतत काठोकाठ भरलेली आणि त्यात गरम राहिली, की लवकर झिजते. (या बॅटरीसाठी २०१९ साली तिघांना नोबेल मिळाले. त्यातले जॉन गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. आणि मला साठीला म्हणतात, आई, तुम्हाला हे जमायचे नाही!)

आता दर एक तारखेला मी तो आकडा वहीत उतरवते, कारण नवा अहवाल जुन्याच्या जागीच लिहिला जातो. एखाद्या महिन्यात आकडा किंचित वरही जातो. तो लॅपटॉपचा अंदाज असतो, म्हणून चार-सहा महिन्यांचा कल बघावा. बॅटरी फुगून लॅपटॉपची पाठ उचलली गेली, तर मात्र आकडे बघत बसू नये. चार्जर काढून, लॅपटॉप बंद करून दुरुस्तीवाल्याकडे न्यावा.

आम्ही दुसऱ्या दुकानात नुसती बॅटरी बदलली. चार हजारांच्या आत काम झाले. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय बऱ्याच लॅपटॉपांत असते, तीही सूनबाईने चालू केली. चिरंजीवांच्या ऑफिसच्या लॅपटॉपसाठीही मी वहीत एक रकाना आखला आहे. तो अजून कोराच आहे.