उभ्या गाडीची दुखणी

माझ्याकडे २००९ सालची माझदा एमएक्स-५ आहे. दोन सीटची, कापडी छप्पर मागे दुमडणारी, मागच्या चाकांना ताकद देणारी. तिचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला तेव्हा चुलतभावाने विचारलं, “टॉप स्पीड किती?” अण्णांनी विचारलं, “आधीच्या मालकानं ऑइल कधी बदललंय?” अण्णांनी एकतीस वर्षं एसटीच्या डेपोत पाने चालवले. स्पोर्ट्स कारशी त्यांचा संबंध कधी आला नव्हता, तरी प्रश्न त्यांचाच बरोबर होता.

ही गाडी भारतात विकायला कधी आलीच नाही, त्यामुळे थोडी ओळख करून देते. १९८९ साली पहिली एमएक्स-५ आली आणि २०१६पर्यंत दहा लाख गाड्या बनल्या. दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमध्ये एवढी दुसरी कुठलीच खपली नाही. कारण सोपं आहे. गाडी हलकी, इंजिन साधं, आणि सेकंडहँड घेतली तर इंग्लंडमध्ये नोकरदार माणसाला परवडते. मी कॉव्हेंट्रीत राहते, भाड्याच्या घरात, गाडी रस्त्यावर उभी. म्हणजे पोस्टरवरच्या स्पोर्ट्स कारसारखं आमचं काही नाही.

स्पोर्ट्स कार म्हटलं की लोकांना वाटतं, ती वेगाने झिजत असणार. मला सहा वर्षांत उलटंच दिसलं. या गाड्यांची बहुतेक दुखणी उभं राहण्याची असतात. उन्हाळ्यातल्या रविवारी मालक छप्पर उघडून हिंडतो आणि ऑक्टोबरात कव्हर टाकून मोकळा होतो. चार महिन्यांत बॅटरी उतरते. ओल्या हवेत हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर ब्रेक पॅड डिस्कला चिकटतात. कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजून जाम होतात, मग एकच पॅड झिजत राहतं. टायरची नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर कडक झालेलं असतं. टायरच्या बाजूला शेवटी चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. सेकंडहँड गाडी बघायला जाल तेव्हा आधी खाली वाकून तेवढे आकडे वाचा. गाडी कुठलीही असो.

थोडंथोडं चालवणंही फार बरं नाही. दुकानापर्यंत जाऊन परत आलं तर इंजिन पुरतं तापत नाही आणि ऑइलमध्ये साचलेली वाफ तशीच आत राहते. म्हणून मी हिवाळ्यातही दर पंधरा दिवसांनी तिला अर्धा-पाऊण तास हायवेवर नेऊन आणते. हँडब्रेक ओढण्याऐवजी सपाट जागी गिअरमध्ये उभी करते.

या गाडीचं सगळ्यात नावाजलेलं दुखणं मात्र पाण्याचं आहे. छपरावर पडलेला पाऊस दोन्ही सीटांच्या मागच्या भोकांतून नळीत उतरतो आणि मागच्या चाकाजवळ खाली पडतो. झाडाखाली गाडी उभी राहिली की पानांचा चुरा त्या भोकांत जातो आणि मोरी तुंबावी तशी नळी तुंबते. मग पाणी आत शिरतं. कार्पेट ओलं होतं, वास येतो, तो तरी कळतो. पण दाराखालचा जो पोकळ पत्रा असतो, म्हणजे गाडीचा उंबरठाच, त्यात पाणी साचलं तर पत्रा आतून सडतो आणि बाहेर रंग चकाकत राहतो. उपाय काय? गवत कापायच्या मशिनची जाड नायलॉनची दोरी नळीत हळूच सरकवायची, मग तांब्याभर पाणी ओतायचं आणि खाली वाकून बघायचं. दोन्ही बाजूंनी धार पडली की झालं. तार घालायची नाही, नळी फाटते. पानगळीत मी हे महिन्यातून एकदा करते. खर्च शून्य.

बाहेरून येणारा शत्रू मीठ. थंडीत बर्फ धरू नये म्हणून इथे रस्त्यांवर मीठ पसरतात आणि ते गाडीच्या पोटाला चिकटतं. चाकांचा कोन जुळवायचे बोल्ट त्यामुळे असे गच्च धरतात की अलाइनमेंटला गेलेल्या गाडीचे बोल्ट कापून काढावे लागतात. म्हणून हिवाळाभर खालून पाण्याने धुणं आणि सुकल्यावर मेणासारखं गंजरोधक मारणं, हे एमएक्स-५ पाळणाऱ्यांचं वार्षिक व्रत आहे.

इथे तीन वर्षांपुढच्या गाडीची दरवर्षी तपासणी होते, तिला एमओटी म्हणतात. त्यात गाडी पास झाली तरी पुढे काय त्रास देऊ शकेल तेही लिहून देतात. आणि गाडीचा नंबर टाकला की हा सगळा इतिहास कुणालाही ऑनलाइन वाचता येतो. कुठल्या वर्षी गंजाची नोंद झाली, कधी टायर गुळगुळीत होते, किती मैल झाले, सगळं. घेताना मी हेच वाचलं होतं. आता माझ्या सहा वर्षांचं कुणीतरी वाचेल, कारण मार्चमध्ये मी परत जातेय.

अण्णांचे गुडघे आणि साखर, दोन्ही आता आईला एकटीला आवरत नाहीत. गाडी नेता येणार नाही. विंटेज सोडल्या तर तीन वर्षांहून जुनी सेकंडहँड गाडी भारतात आणूच देत नाहीत. तिला विकायची हे ठरलं, आणि नेमका ब्रेक फ्लुइड बदलायचा महिना आला. हे तेल हवेतला ओलावा शोषत राहतं. ओलावा वाढला की ते कमी तापमानाला उकळतं, आणि उतारावर सारखा ब्रेक दाबताना पेडल मऊ पडू शकतं. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. पण गिऱ्हाईक रंग बघतं, चाकं बघतं. फ्लुइडचे जास्तीचे पैसे कुणी देत नाही.

अण्णांना फोनवर विचारलं, “दोन महिन्यांसाठी बदलू का?”

ते म्हणाले, “अगं, रात्री मी ज्या बसचे ब्रेक करायचो, ती सकाळी कुठला ड्रायव्हर नेणार हे मला कुठं माहीत असायचं?” आणि मग, जसं काही विषय संपला, “घाट असतात का गं तिकडं?”

“वेल्समध्ये आहेत, अण्णा.”

“मग?”

ब्रेकचं काम दोघांचं असतं, एकाने पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने चाकाजवळचा निपल उघडायचा-बंद करायचा. शनिवारी शेजारची विद्यार्थिनी पेडलवर बसली, मी खाली. व्हिडिओ कॉलवर अण्णा. चहाच्या रंगाचं जुनं तेल नळीतून बाटलीत उतरत गेलं, शेवटी मधाचा फिकट रंग आला. प्रत्येक चाकाला ते विचारत होते, “बुडबुडा?” मी सांगत होते, “नाही.” पंधरा मिनिटं सलग स्टुलावर बसल्यावर आईने त्यांना फेरी मारायला उठवलं. कुरकुरत उठले.

बिलांची फाइल आणि नोंदींची वही मी गाडीबरोबरच देणार आहे. शनिवारची तारीख लिहिली, मैल लिहिले, आणि खाली रिवाजाप्रमाणे पुढची तारीख: दोन वर्षांनंतरचा जानेवारी.