दुसऱ्या कोकराचं दूध

आमच्या माण तालुक्यात मेंढी म्हणजे दख्खनी. काळी, काटक, खुरट्या गवतावर आणि बाभळीच्या शेंगांवर निभावून नेणारी. पण एका वेताला बहुधा एकच कोकरू. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं यावर उपाय काढला, तो सुंदरबनातल्या गरोल मेंढीतून. बारा-पंधरा किलोची ही ठेंगणी मेंढी जुळी देते, ती एका जनुकामुळे. संस्थेनं तो पिढ्यान्‌पिढ्या संकर करून अंगानं मोठ्या मेंढीत उतरवला. तीच नारी सुवर्णा.

आम्ही त्या जातीचा नर आणला. आईबाप दोघांकडून जनुक मिळालेला नर असला की त्याच्या प्रत्येक लेकीत तो जनुक उतरतो; नर तसा आहे का, हे रक्त तपासून कळतं. पण जुळं बघायला लेकी वाढून व्यायला हव्यात. तोवर गावानं विचारून घेतलं, "नर आणलाय का जावई?"

पहिली लेक रात्री व्याली. पहिलं कोकरू चाटत बसली आणि दुसऱ्याला डोक्यानं ढकलायला लागली. माझ्या आईनं पहिल्याच्या अंगावरचा ओलावा दुसऱ्याला चोळला, मेंढीला गुडघ्याखाली धरलं, सडाची गुठळी पिळून टाकली आणि चिकाची धार त्याच्या तोंडात सोडली. पुढं बरेच दिवस ते शेळीच्या दुधावर होतं.

जुळ्याचा खरा हिशेब असा दुधात आहे. गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात मेंढीला भरडा मिळाला नाही, तर कोकरं हलकी होतात आणि कासही भरत नाही. पाऊस हुकला त्या साली मका विकत घेताना आम्ही दोनदा विचार केला. तरी घेतला, कारण लोणंदच्या बाजारात दोन कोकरांचे पैसे भरड्याचा खर्च भागवून उरतात. वीस-पंचवीस मेंढ्या घराजवळ चारणाऱ्याला हे जमतं.

चुलत्यांचा कळप दिवाळीनंतर कोकणात उतरतो. नर देऊ केला तर म्हणाले, "चालत्या वाड्यात दोन-दोन कोकरं कोण उचलणार? घोड्यावर आधीच संसार हाय." त्यांचं खरंच आहे. जाताना दोन मेंढ्या मात्र आमच्या वाड्यात ठेवून गेले.