मालवणच्या हवेत साडेचारशे वॅट

हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण हवेतलेच पाणी ओढून घेतो आणि त्यात विरघळतो. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते. त्याला तर एवढ्या आर्द्रतेचीही गरज नसते. मालवण, देवबाग, तारकर्ली, आचरा या पट्ट्यात पावसाळ्यात हवा कायम दमट असते. संगणकातल्या ग्राफिक्स कार्डाचे पंखे जो खारा वारा आत ओढतात, त्यातला बराचसा क्षार बोर्डावर आणि फिन्सवर बसतो, तोही वीज वाहून नेणाऱ्या ओलसर थराच्या रूपात. जगभरच्या परीक्षणांत फ्रेमचे, तापमानाचे, आवाजाचे तक्ते असतात. या थरासाठी मात्र कुठल्याच तक्त्यात रकाना नसतो. महागडे ग्राफिक्स कार्ड किनाऱ्यावर वापरायचे असेल तर त्याची पारख इथल्या हवेपासून, इथल्या उकाड्यापासून आणि इथल्या विजेपासून सुरू व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

आधी कार्ड काय चीज आहे ते पाहू. एनव्हिडियाचे आरटीएक्स 4090 ऑक्टोबर 2022 मध्ये विक्रीला आले. एका चिपवर 7,630 कोटी ट्रान्झिस्टर, 16,384 कूडा कोअर, 24 जीबी मेमरी, 450 वॅटची मर्यादा आणि भारतातली सुरुवातीची किंमत 1,55,000 रुपये. जानेवारी 2025 च्या अखेरीस आलेले आरटीएक्स 5090 आणखी पुढचे आहे. त्यात 21,760 कोअर आणि 32 जीबी मेमरी आहे, मर्यादा 575 वॅटची आहे आणि भारतातली सुरुवातीची किंमत 2,14,000 रुपये होती. 450 वॅट म्हणजे छताला टांगलेले सहा पंखे जेवढी वीज खातात तेवढी. पंख्याची वीज निदान वारा तरी देते. कार्डात शिरलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन खोलीत उतरते.

आणि खोली कुठली? युरोप-अमेरिकेतली परीक्षणे बहुधा 21 ते 23 अंशांच्या खोलीत होतात. तिथे 4090 भर गेममध्ये 65 अंशांच्या आसपास राहते. मालवणात मे महिन्यात दुपारी खोलीतच 33-34 अंश असतात. हवेने थंड होणाऱ्या कार्डाचे तापमान खोलीच्या तापमानाबरोबर जवळजवळ अंशाला अंश चढते. म्हणजे तेच कार्ड, तोच गेम, पण आकडा पंचाहत्तरच्या पुढे. त्यात खोलीची खिडकी पावसामुळे बंद असली तर तासाभरात खोलीच दोन-तीन अंशांनी तापते आणि कार्ड तिच्यामागून चढते. म्हणून परीक्षण वाचताना नुसते तापमान पाहू नये. कार्ड खोलीपेक्षा किती अंश वर गेले ते पाहावे आणि त्यात आपल्या खोलीचे तापमान मिळवावे.

तापमानाचा संबंध वेगाशी आहे, तो का, हे समजून घेण्यासारखे आहे. मार्च 2012 मध्ये जीटीएक्स 680 बरोबर एनव्हिडियाने जीपीयू बूस्ट आणले. तेव्हापासून कार्डाचा वेग ठरीव राहिलेला नाही. वीज, व्होल्टेज आणि तापमान या तिन्हींत जागा असेल तोवर चिप स्वतःच वर चढते, आणि जागा संपली की 15 मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी खाली उतरते. 4090 च्या खोक्यावर 2,520 मेगाहर्ट्झ लिहिलेले असले तरी गेममध्ये ते 2,700 च्या वर सहज जाते. चिप तापली की गळणारा प्रवाह वाढतो, त्याच कामाला जास्त वीज लागते आणि तीच मर्यादा लवकर गाठली जाते. त्यामुळे पहिल्या दोन मिनिटांचा आकडा मी विचारातच घेत नाही. जीपीयू-झेड लावून, गेम चालू ठेवून, अर्ध्या तासानंतर घड्याळ कुठे स्थिरावले ते टिपून घ्यावे. त्याच नोंदीत वेग का अडला याचे कारणही दिसते, वीज, व्होल्टेज की उष्णता. किनाऱ्यावरच्या बंद कॅबिनेटमध्ये हे कारण बहुतेक वेळा उष्णताच निघते.

कुडाळ-मालवण भागातली पोरे तक्रार सांगतात ती अशी: "गेम बरो चलता, पण मधीच अडाकता." हे वाक्य सरासरी फ्रेमच्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त सांगून जाते. सरासरी 120 फ्रेम दिसत असतील, पण मधूनच एखादी फ्रेम 60 मिलिसेकंद घेत असेल, तर डोळ्याला तो धक्काच जाणवतो. 2011 मध्ये टेक रिपोर्टच्या स्कॉट वॉसन यांनी सेकंदाच्या आत डोकावून प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ मोजायला सुरुवात केली आणि परीक्षणाची रीत बदलली. 60 फ्रेमसाठी दर फ्रेमला 16.7 मिलिसेकंद मिळतात, 144 साठी जेमतेम 6.9. सरासरीशेजारी सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा आकडा मांडला की कार्डाची खरी ओळख पटते. आणि पुष्कळदा दोष कार्डाचा नसतोच. जुना प्रोसेसर, एकाच स्लॉटमधली रॅम, हार्ड डिस्कवर टाकलेला गेम यांच्यामुळेही अगदी तशीच अडखळण होते.

इथे एक स्पष्ट सांगायला हवे. समोर 1080p चा मॉनिटर असेल तर 4090 किंवा 5090 घेऊ नये. व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये तर प्रोसेसरच आधी दमतो आणि कार्ड अर्धवट काम करून बसून राहते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये काढलेला 'राजी' हा देखणा गेम घ्या. देवळे, जाळ्या, प्रकाशाचे कवडसे सगळे सुंदर आहे आणि ते मधल्या दर्जाच्या कार्डावर सुखाने चालते. उलट टोकाला सायबरपंक 2077 ची एप्रिल 2023 मधली पाथ ट्रेसिंगची सोय आहे. त्यात 4के वर, कुठलीही मदत न घेता, 4090 सुद्धा विशीच्या आसपासच फ्रेम देते. मग डीएलएसएस आणि फ्रेम जनरेशन चालू करून तो आकडा शंभरीपार नेता येतो. त्यात खऱ्या फ्रेमच्या मध्ये कार्डाने स्वतः बनवलेल्या फ्रेम डोळ्याला गुळगुळीत वाटतात, पण माउस हलवल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंतचा वेळ त्यांनी कमी होत नाही. 5000 मालिकेत तर एका खऱ्या फ्रेममागे तीन बनवलेल्या फ्रेम येऊ शकतात. जाहिरातीतला आलेख पाहताना खऱ्या फ्रेम किती, हा प्रश्न आधी विचारावा.

आता ओव्हरक्लॉकिंग. एमएसआय आफ्टरबर्नर उघडले की समोर पट्ट्या दिसतात: विजेची मर्यादा, कोअर, मेमरी, पंखे. शिस्त अशी की एका वेळी एकच पट्टी हलवायची. कोअर 15-15 मेगाहर्ट्झने वाढवत न्यायचा आणि प्रत्येक टप्प्यावर 3डीमार्कची स्पीड वे ताण-चाचणी लावायची. ती 20 फेऱ्या घेते, आणि फेऱ्यांतला सर्वांत कमी वेग सर्वाधिक वेगाच्या 97 टक्क्यांच्या खाली गेला तर कार्ड नापास. कोअर जास्त ताणला की ड्रायव्हर कोसळतो, पडदा काळा होतो, कळून येते. मेमरी तशी बोलत नाही. तिच्यात चूक ओळखून तोच डेटा पुन्हा पाठवण्याची सोय असते. त्यामुळे मर्यादा ओलांडली तरी गेम चालूच राहतो, फक्त फ्रेम कमी होत जातात. मेमरी 1,000 ने वाढवली, काही बिघडले नाही, म्हणजे यश आले, असे समजणारे अनेक जण प्रत्यक्षात मंद कार्ड वापरत असतात. प्रत्येक वाढीनंतर गुण वाढले का हे पाहायचे, आणि जिथे ते घटू लागले त्याच्या बरेच मागे येऊन थांबायचे.

एवढे करून 4090 वर हाती काय लागते? थोडेसेच. कारखान्यातूनच चिप टोकापर्यंत ताणून येते. विजेची मर्यादा 600 वॅटपर्यंत नेली तरी फ्रेममध्ये मोजक्या टक्क्यांचीच भर पडते. उलट मर्यादा 70 टक्क्यांवर आणली तर वेग साधारण पाच टक्केच घटतो आणि 130 वॅटहून जास्त उष्णता खोलीत पडायची थांबते. याचे गणित सोपे आहे. चिपचा वीजखर्च वेगाच्या पटीत वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. तोच वेग 1.05 ऐवजी 0.95 व्होल्टवर टिकला तर खर्च सुमारे 18 टक्क्यांनी उतरतो. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबले की व्होल्टेज-वेगाची वक्ररेषा उघडते. तीवरचा 0.95 चा बिंदू हव्या त्या वेगापर्यंत उचलायचा आणि पुढचा भाग सपाट करायचा. प्रत्येक चिप वेगळी असते, म्हणून दुसऱ्याचा आकडा उसना घेऊन चालत नाही. कार्ड कमी व्होल्टेजवर किती वेग टिकवते, यावरच मी चिपचा दर्जा ठरवतो. किनाऱ्यावर ओव्हरक्लॉकिंगचे कसब याच दिशेने वापरावे.

द्रव नायट्रोजन वापरणाऱ्यांची गोष्ट निराळी. उणे 196 अंशांच्या त्या द्रवाने 4090 साडेतीन गिगाहर्ट्झच्या पुढे गेलेले आहे. पण त्यांनाही बोर्डावर व्हॅसलिनसारखा थर द्यावा लागतो, कारण थंड धातूवर दव धरते. मालवणात जुलैमध्ये दवबिंदूच 25 अंशांच्या आसपास असतो. खोलीपेक्षा चार अंश थंड काहीही केले की पाणी सुटणार. बर्फाचे पाणी फिरवून कार्ड थंड करण्याचे प्रयोग इथे पूर्णपणे टाळावेत.

विजेच्या जोडणीकडे सगळ्यांत जास्त लक्ष द्यावे, कारण तिथे नुसता वेग नव्हे, घर पणाला लागते. या कार्डांना 12 व्होल्टची, सोळा पिनांची एक छोटी कनेक्टर येते. 600 वॅट म्हणजे 50 अँपिअर, आणि ते सहा पिनांतून जातात, प्रत्येकीत सव्वाआठच्या वर. 4090 आल्यावर काही आठवड्यांतच ही कनेक्टर वितळल्याची उदाहरणे समोर आली. नोव्हेंबर 2022 मध्ये एनव्हिडियाने जगभरातली सुमारे 50 प्रकरणे माहीत असल्याचे सांगितले आणि प्लग पूर्ण न बसणे हे मुख्य कारण दिले. पुढे पिनांची लांबी बदलून सुधारित कनेक्टर आली. तरीही फेब्रुवारी 2025 मध्ये जर्मन ओव्हरक्लॉकर डेर बाउअर याने 5090 च्या एकाच तारेत 20 अँपिअरहून जास्त प्रवाह मोजला. प्रवाह सहा पिनांत सारखा वाटला जाईल याची खात्री कार्ड करत नाही. एका पिनेवर क्षाराचा पातळ थर आला की तिचा रोध वाढतो आणि तिचा वाटा शेजारणींवर पडतो. म्हणून प्लग बसवताना तो टक् आवाज करून बसला का ते ऐकायचे, बॅटरीच्या उजेडात फट दिसते का ते पाहायचे, आणि प्लगपासून चार बोटांच्या आत केबल वाकवायची नाही. पावसाळा संपला की एकदा मशीन बंद करून पिना तपासायच्या.

भिंतीतली वीजही पारखून घ्यावी. मे 2021 मध्ये तौक्ते वादळाने सिंधुदुर्गात खांब आडवे केले आणि कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली. वीज परत येतानाचे झटके आणि वळवाच्या, परतीच्या पावसातल्या विजा उपकरणांवर घाला घालतात. कातळावरच्या घरांत अर्थिंग नीट मिळत नाही, तेव्हा कार्डावर दोन लाख घालण्याआधी वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्यावे. 4090 साठी एनव्हिडिया 850 वॅटचा एसएमपीएस सांगते, 5090 साठी 1,000. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर पायऱ्यापायऱ्यांची लहर देतो आणि चांगले एसएमपीएस त्यावर कधी कधी बंद पडतात. इथे शुद्ध साइन वेव्हचाच यूपीएस घ्यावा.

कार्ड हातात आल्यावर मी आधी फिन्सच्या कडा पाहतो. ॲल्युमिनियमच्या फिन्समधून तांब्याच्या उष्णतानळ्या जातात. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारे पाणी, म्हणजे विजेचा घटच तयार होतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजते. किनाऱ्यावर राहिलेल्या कार्डात नळीभोवती पांढरी भुकटी दिसते, ब्रशने झाडली तर खालचा धातू खडबडीत लागतो. तांब्यावर हिरवट डाग असतो. निकेलचा मुलामा दिलेले हीटसिंक इथे जास्त टिकते. वॉरंटीच्या बहुतेक अटींत गंज आणि ओलावा वगळलेला असतो, हे खरेदीआधी वाचून घ्यावे.

सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमचे ग्राफिक्स कार्डांवरचे मायनिंग संपले आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वापरलेल्या 3080-3090 कार्डांची रीघ लागली. गणपतीला गावी येणारे चाकरमानी त्यातली काही बरोबर घेऊन येतात. 3090 ची निम्मी मेमरी बोर्डाच्या मागच्या बाजूला आहे आणि तिचे तापमान 110 अंशांना टेकले की कार्ड वेग कमी करते. असे कार्ड घेताना मेमरीचे तापमान दाखवणारे एचडब्ल्यूइन्फो लावून अर्धा तास गेम चालवून मागावा. आकडा शंभरच्या वर राहिला तर थर्मल पॅड बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावी. विक्रेता अर्धा तास द्यायला तयार नसेल तर ते कार्ड सोडून द्यावे.