एकतीस मार्च

आमच्या वाचनालयाचा मानद चिटणीस व्हायला मी कबूल झालो, तेव्हा माझी अशी समजूत होती, की नवी पुस्तके निवडावीत, वर्षातून एकदा व्याख्यात्याला तळेगाव स्टेशनवर उतरवून घ्यावे, हार घालावा, की संपले काम. मराठीच्या प्राध्यापकाला याहून अधिक काय जमणार? पण पहिलाच मार्च महिना उजाडला आणि मला कळून चुकले, की वाचनालय पुस्तकांवर चालत नाही. ते पावतीपुस्तकावर चालते.

आमच्या चारशे सभासदांची मुदत एकाच दिवशी संपते: ३१ मार्चला. कोणी श्रावणात नाव घातलेले असो, कोणी दिवाळीच्या सुटीत. त्या आठवड्यात ग्रंथपालबाईंच्या टेबलापुढे गर्दी उसळते, सुट्या पैशांवरून बोलाचाली होतात, कार्बन उलटा घातला गेल्यामुळे पावतीची नक्कल तिच्याच पाठीवर उमटते, आणि पुण्याची लोकल गाठायच्या घाईत असलेली मंडळी ‘उद्या देतो’ म्हणून सटकतात. त्यांचा उद्या जूनमध्ये उगवतो.

वास्तविक आपल्याकडे वर्षांना काय तोटा! चैत्री पाडव्याला पंचांगाचे, दिवाळीच्या पाडव्याला व्यापाऱ्यांच्या वह्यांचे, जूनमध्ये शाळेचे. पण सरकारी हिशेबाचे वर्ष १८६७ पासून एप्रिलात सुरू होते, आणि १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या वाचनालयाला सरकारच्याच पंक्तीला बसावे लागते.

मी कार्यकारिणीत ठराव मांडला: ज्याने ज्या दिवशी नाव घातले, तिथून त्याचे वर्ष मोजावे. गर्दी आपोआप विरेल. आमचे खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, तेव्हाच माझा ठराव पडला.

“म्हणजे रोज कोणाची तरी मुदत संपणार. रोज आठवण कोण करणार, तुम्ही? ऑक्टोबरात आलेल्या वर्गणीतली निम्मी पुढच्या वर्षाची. ती जमेत कुठे दाखवू? आणि वार्षिक सभेत मत कोणाला, हे यादीवरून ठरवायचे की कुंडलीवरून?”

मात्र एक गोष्ट त्यांनी स्वतःच सुचवली, आणि ती फार शहाणपणाची निघाली. मध्येच येणाऱ्याकडून आम्ही पूर्ण वर्षाचे पैसे घेत असू. म्हणून जानेवारीनंतर नवा माणूस फिरकत नसे. तीन महिन्यांसाठी बारा महिन्यांचे कोण देईल? आता उरलेल्या महिन्यांपुरतेच घ्यायचे ठरले. जुन्यांची वर्गणी १ फेब्रुवारीपासून स्वीकारायची, आणि एप्रिलभर सवलत. एवढे झाल्यावर माझ्यातला मास्तर जागा झाला. मी म्हटले, मे उजाडला की थकलेल्यांची नावे फळ्यावर लिहू.

“अंताजी काळे पैसा-पैसा मागत गावोगाव हिंडले,” खजिनदार म्हणाले. “त्या पैसा फंडातून १९०८ साली आपल्या तळेगावात काच कारखाना उभा राहिला. त्यांनी फळा नव्हता लिहिला.”

मी हसलो, आणि फळा लिहिला. अक्षर माझे चांगले आहे.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपालबाई हळूच म्हणाल्या, “सर, चौथे नाव गुरुजींचे आहे.” माझ्या ते ध्यानातही आले नव्हते, मी यादी उतरवून काढली होती. बावीस वर्षांत गुरुजींची वर्गणी कधी चुकली नव्हती. मी फळा पुसला, आणि संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो.

जानेवारीत नेलेले पुस्तक टेबलावर होते. त्यावर भिंग.

“ओळीच्या मधलेच अक्षर पुसल्यासारखे दिसते,” गुरुजी म्हणाले. “डॉक्टर म्हणतात, आहे तेवढे टिकवू. वाचायचे नाही तर वर्गणी कशाची भरू? आणि नाव काढा म्हणून सांगायला पाऊल उचलत नव्हते.”

फळ्याचे त्यांच्या कानावर आले होते की नाही, हे मी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही.

थोड्या वेळाने त्यांनी सुनेला पाकीट आणायला सांगितले. “नात वाचून दाखवीन म्हणते. तिची शाळा इंग्रजी, जोडाक्षराला गाडी अडते. पण मला तरी कुठे घाई आहे?”

मी म्हटले, “आता मे आहे, गुरुजी. उरलेल्या महिन्यांचेच द्या.”

“ते नव्यांसाठी. मी जुना आहे.” त्यांनी नोटा बोटांनी चाचपून मोजल्या. “पूर्ण घ्या.”

पावती मी तिथेच फाडली. नात पुढे झाली आणि मोठ्याने वाचू लागली. नाव वाचले, रक्कम वाचली. मुदतीपाशी ती थांबली. मग म्हणाली, “थर्टी-वन मार्च.”

“एकतीस,” गुरुजी म्हणाले. “एकतीस म्हण.”